कुठली गोळी घालून ठेवू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हा प्रश्न मला कोर्टाच्या व्हरांड्यात विचारला गेलाय, लग्नाच्या मांडवात विचारला गेलाय, एकदा तर शिगम्याच्या गर्दीत ढोल वाजत असताना कानाशी तोंड आणून विचारला गेलाय. 'वकीलबाब, घरात परवान्याची रिव्हॉल्वर आहे. तिच्यात कुठली गोळी घालून ठेवू? उद्या वेळ आलीच तर कायद्याला कुठली चालते?' मी फौजदारी वकिली करतो. मूळ घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. वडिलांकडे शेतीरक्षणाची एकनळी बंदूक होती. त्यामुळे बंदूकही कळते आणि कायदाही, असं लोक धरून चालतात.

शेवटचं विचारलं ते म्हापशाकडच्या एका सराफाने. पतीपत्नी दोघंही आले होते. त्यांनी टेबलावर परवाना ठेवला आणि कातडी पट्ट्यात खोचलेली काडतुसं ठेवली. परवाना मिळाला त्या वर्षी घेतलेली, नऊ वर्षांत एकही उडवलेलं नाही. मुलाने मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ दाखवले होते. त्यात तोंडाशी पोकळ असलेली गोळी जेलीच्या ठोकळ्यात शिरून फुलासारखी उमलते. 'ती मिळेल का? आणि ती घातली तर कोर्ट काय म्हणेल?'

मी एक काडतूस पट्ट्यातून काढून हातात घेतलं. करंगळीच्या दोन पेरांएवढी पितळी पुंगळी, बुडावर कोरलेली 'केएफ' ही अक्षरं, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल. वर गोल तोंडाचं शिसं, साधारण सहा ग्रॅम. अंगठा फिरवला तर करडा डाग राहिला. आणि जिथे पितळ कातड्याला टेकलं होतं तिथे गोलाकार हिरवा कळंक. कातड्यात पितळ कळकतं आणि आपल्याकडचा पावसाळा ते काम दुपटीने करतो. हा कळंक लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

आधी निवडीचं. निवड म्हणतो खरं, पण आपल्या देशात ती फारशी उरतच नाही. ९ मिमीची गोळी प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्यांना मनाई असलेल्या नळीच्या मापात मोडते, ती सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. म्हणून घरोघरी दिसते ती .३२, म्हणजे साधारण .३२ इंच व्यासाची. परदेशी माल सामान्य माणसासाठी १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद झालेला, म्हणजे दुकानात मिळतं ते बहुतेक देशी कारखान्यातलं. त्यातही एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. रिव्हॉल्वरची .३२ आणि पिस्तुलाची .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्वरचं लांब, कडेला काठ असलेलं, उघड्या शिशाचं. पिस्तुलाचं आखूड, गोळीवर तांब्याचं कवच. दुकानात नुसतं 'बत्तीसची द्या' म्हणू नका, हत्यार कुठलं ते सांगा. आपल्या हत्याराला जे काडतूस ठरलंय तेच घ्या, परवानाधारक दुकानातून घ्या, बिल ठेवा, परवान्यावर नोंद करून घ्या. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची हे त्याच परवान्यावर लिहिलेलं असतं. त्याच्यावर एक जरी सापडलं तरी परवान्याच्या अटीचा भंग होतो आणि स्वसंरक्षणाच्या उजळ खटल्याला सुरुवातीलाच गालबोट लागतं.

पोकळ तोंडाच्या गोळीचं त्यांना सविस्तर सांगितलं, कारण तिच्याभोवती फार गैरसमज आहेत. शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्यांना जग 'दमदम' म्हणतं ते कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून. इंग्रजांनी तिथे १८९०च्या दशकात त्या बनवल्या. १८९९च्या हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात त्यांवर बंदी आणली. ती बंदी देशादेशांच्या सैन्यांसाठी, घरातल्या रिव्हॉल्वरसाठी नव्हे. अमेरिकेत तर पोलीसच मोठ्या प्रमाणावर अशा गोळ्या वापरतात, कारण गोळी पसरली की शरीरात थांबते, आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याची शक्यता कमी होते. १९८६ साली मायामीतल्या चकमकीत एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेची माणसं गेली. त्यानंतर त्यांनी मापच ठरवलं: गोळी जेलीत किमान १२ इंच, जास्तीत जास्त १८ इंच शिरावी. मुलाने पाहिलेले ठोकळे ते हेच.

तरीही तिथल्या कोर्टातसुद्धा ही गोळी माणसाला महागात पडू शकते. अॅरिझोनात २००४ साली हॅरॉल्ड फिश नावाच्या निवृत्त शिक्षकाने जंगलवाटेवर अंगावर धावून आलेल्या माणसाला गोळ्या घातल्या. पिस्तूल १० मिमीचं, गोळ्या पोकळ तोंडाच्या. सरकारी वकिलाने ज्युरीसमोर या दोन्हींचा मुद्दा केला. फिशला शिक्षा झाली, २००९ साली वरच्या कोर्टात ती रद्द झाली, पण मधली वर्षं तो तुरुंगात होता. न्यू जर्सीतल्या १९८९च्या घटनेचा आणखी एक खटला मी सराफांना सांगितला, कारण तो आपल्यालाही लागू पडतो. बायको बंदुकीच्या गोळीने गेली, नवरा म्हणाला तिने स्वतःच झाडून घेतली. काडतुसं त्याने घरी भरलेली, दारू कमी घातलेली. प्रयोगशाळेने कारखान्याच्या काडतुसांवर चाचणी केली आणि तिच्या अंगावर दारूचे जे कण दिसायला हवे होते ते नव्हते. गोळी किती अंतरावरून सुटली हे दाखवायचा त्याचा मार्गच बंद झाला.

गोळी किती लांबून सुटली यावर आपल्याकडेही खटला फिरतो. अंगावरच्या दारूच्या डागांवरून तज्ज्ञ अंतर सांगतात. तुमची काडतुसं एकाच खोक्यातली, कारखान्याची, बिलाची असतील तर तीच घेऊन चाचणी करता येते आणि 'तो दोन हातांवर आला होता' या तुमच्या म्हणण्याला आधार मिळतो. म्हणून गोळीच्या तोंडाला कानस लावू नका, सुरीने फुली मारू नका, कुणी भरून दिलेली काडतुसं घेऊ नका. घरी काडतूस भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत दारूगोळा बनवणं, त्याला वेगळा परवाना लागतो. आणि घासलेलं शिसं पंचनाम्यात आलं की सरकारी वकील विचारणारच, जीव वाचवायचा होता तर आदल्या महिन्यात बसून हे का केलंत?

इथपर्यंत ते दोघं शांत ऐकत होते. मग मी म्हटलं, काका, गोळीच्या जातीवरून सुटलेला किंवा अडकलेला माणूस माझ्या उभ्या वकिलीत मी पाहिला नाही. अडकतो तो दुसऱ्या गोळीवर, किंवा पहिलीच्या दिशेवर.

कायदा १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३४ ते ४४. पूर्वी भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ होती, गाभा तोच. जिवाची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, अॅसिडहल्ल्याची आणि अशाच काही गोष्टींची रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचाव करता येतो. हे कलम ३८. घरफोडीबाबत कलम ४१ आहे. जबरी चोरी, किंवा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी असेल तर मालमत्तेसाठीही तो हक्क तिथवर जातो. पण कलम ३७ या सगळ्यांच्या डोक्यावर बसलंय: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. कलम ४० सांगतं की शरीराला धोक्याची भीती आहे तोवरच शरीराच्या बचावाचा हक्क आहे. चोर पोत्यासह कुंपणावरून उडी मारून पळतोय, तुम्ही पडवीत उभे राहून त्याच्या पाठीत गोळी घालता, तिथे जीव घेण्याइतका हक्क उरलेला नसतो.

सर्वोच्च न्यायालय या बाबतीत कोरडं नाही. २०१०च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात त्यांनी तत्त्वंच मांडून दिली आहेत. संकटात सापडलेल्या माणसाने पायरीपायरीने मोजून बचाव करावा अशी अपेक्षा नाही, भेकडासारखं पळून जावं अशीही नाही, रास्त भीती पुरे. पण त्याच न्यायालयाने मोहिंदर पाल जॉली या कारखानदाराला दोषी धरलं. थकलेल्या पगारासाठी मजूर जमले, विटांचे तुकडे आले, मालकाने बाहेर येऊन रिव्हॉल्वर झाडली, एक मजूर मेला. मालमत्तेच्या बचावाचा हक्क होता, जीव घेण्याइतका नव्हता. त्याच्या रिव्हॉल्वरमध्ये कुठली गोळी होती यावर निकाल फिरला नाही.

आणि बचाव होता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. सरकार पक्षाइतका पक्का पुरावा नको, 'असं झालं असणं जास्त संभवतं' एवढं पुरतं, पण दाखवावं लागतं. म्हणून नंतर पुंगळ्या उचलू नका, फरशी धुऊ नका, हत्यार जागेवर सुरक्षित ठेवून द्या आणि हात लावू नका.

सराफीणबाईंनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. 'आमच्या माजघराच्या पलीकडे जाऊबाईंचं बिऱ्हाड आहे. मध्ये फळ्या.' मला हवा होता तो मुद्दा त्यांनीच काढला. आपली जुनी घरं आठवा. बाहेरची भिंत चिऱ्याची, हातभर जाड, आतली विभागणी मात्र लाकडाची नाहीतर अर्ध्या विटेची, वर माळा आणि मंगळुरी कौलं. अंधारात चुकलेली गोळी फळीतून पार जाते, चिऱ्याला तिरकी लागली तर उडून कुठे जाईल सांगता येत नाही. संहितेचं कलम ४४ निरपराधाला इजा होण्याचा धोका पत्करायची मुभा देतं, पण फक्त जिवावरचा हल्ला असेल आणि दुसरा मार्गच नसेल तेव्हा. दागिन्यांसाठी ती मुभा नाही. म्हणून दिवसा घरात फिरून बघा: जिन्याशी उभं राहिलं तर समोरच्याच्या मागे कोण झोपतं?

मी हे इतकं कळकळीने का सांगतो त्याला कारण वडील आहेत. मी नववीत होतो. उन्हाळ्याच्या एका रात्री कुळागरात सुपारीच्या बुंध्यांमधून कुणीतरी चालत होतं, बत्ती नाही, काही नाही. आठ दिवसांपूर्वीच वाड्यावर चोरी झाली होती. वडील एकनळी घेऊन मागच्या दारी गेले, मी कंदील घेऊन मागे. उंबऱ्यावर त्यांनी बंदूक बिजागरीत मोडून उघडली, काडतूस काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि मग ओरडले, 'कोण तो?' पलीकडून आवाज आला, 'भाऊ, हांव!' शेजारचा गडी होता. पाण्याची पाळी त्यांची होती, आमच्या हद्दीत पाट फोडायला आला होता आणि उजेड दिसला तर आम्ही भांडू म्हणून काळोखात आला होता. वडील पायरीवर बसले. खिशावर हात ठेवून बराच वेळ बसून होते, मी कंदील खाली ठेवायचंही विसरलो. त्या खिशाचा फुगीर आकार मला अजून दिसतो.

सराफांना मी तीन कामं सांगितली. ती कळंक चढलेली काडतुसं परवानगी असलेल्या नेमबाजीच्या रेंजवर नेऊन उडवून बघायची आणि नवी घेऊन कोरड्या डब्यात ठेवायची, पट्ट्यात नाही. हत्यार कुलपात, चावी फक्त परवाना ज्याच्या नावावर त्याच्याकडे. मुलाच्या हाती ते देणंही गुन्हाच. आणि मागच्या दाराला जाळी आणि दिवा. निवडणूक आली की हत्यारं ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात, तेवढे आठवडे घरात रिव्हॉल्वर नसतेच. दार मात्र बारा महिने असतं.

पंधरा दिवसांनी फोन आला. सहा जुनी काडतुसं लावली, दोन उडालीच नाहीत. घोडा पडल्याचा नुसता 'टक्' आवाज. रेंजवरच्या माणसाने त्यांना नळी निशाणाकडेच धरून थांबायला लावलं, उशिराने बार उडू शकतो म्हणून, आणि मगच ती बाहेर काढली. 'नऊ वर्षं मी हिच्या भरवशावर झोपलो,' ते म्हणाले. मग फोन बाईंनी घेतला. त्यांना एकच विचारायचं होतं, आवाज आला तर आधी कुणाला फोन करायचा. मी म्हटलं, एकशे बारा, आणि लगेच जाऊबाईंना, म्हणजे त्या फळीपासून लांब सरतील. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं.