चवथीचा ब्रेक संपला, आजपासून परत जिम

सोमवार, रात्री साडेदहा

आज परत जिमला गेले. गोव्यात आमच्या फोंड्याला पाऊस अजून थांबायचं नाव घेत नाहीये, जिममधले रॉड हाताला दमट लागतात, कोपऱ्यातल्या जुन्या प्लेटांवर तांबूस गंज चढलाय. स्क्वॉटला, म्हणजे रॉड पाठीवर घेऊन बसायचं-उठायचं त्याला, 40 किलो लावले. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी 60 चे सेट व्यवस्थित होत होते आणि आजही 60 उचललं असतं याची मला खात्री आहे, तरी नाही लावलं. शेजारच्या रॅकवरचा मुलगा म्हणाला, ताई, आज एवढं हलकं? म्हटलं हो, या आठवड्यात एवढंच.

चवथीचा ब्रेक मी दरवर्षी आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवते, आणि त्याच्यापुढे परत यायची तारीखसुद्धा. ही दुसरी तारीख मला जास्त महत्त्वाची वाटते. ताप आला, ऑफिसात ऑडिट लागलं, म्हणून जो खाडा पडतो त्याला शेवट नसतो, आज जाऊ उद्या जाऊ करत तो लांबतच जातो. ठरवून घेतलेल्या सुट्टीचं तसं होत नाही. जायच्या आधीच्या आठवड्यात मी सगळं नेहमीसारखं करते, शेवटच्या दिवशी वहीत वजनं लिहून ठेवते आणि सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी निघते.

तिथे काही नुसतं बसून राहणं नसतंच. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं बांधतात त्या मांडवीचं, सामान आणायचं, नारळ, सुपारी, चिबूड, तोरिंगं (मोठी लिंबाच्या जातीची फळं) वर बांधायची, हात वर करून उभं राहून खांदे भरून येतात. मग नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, रात्री घुमट (मातीचं वाद्य) वाजवून आरती आणि त्यानंतर फुगड्या. पण पाठीवर रॉड नसतो, आणि गुडघ्यांना कोपरांना तेवढंच हवं असतं. वर्षभर ज्या कोपरात बारीक ठणका असतो तो या दिवसांत आपोआप गेला, मी काहीही केलं नाही त्याच्यासाठी. स्नायूंपेक्षा त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश तयार होतात आणि सावकाशच भरून येतात, त्यांना अधूनमधून अशी मोकळीक द्यायलाच हवी असं माझं ठाम मत झालंय.

या वेळी माझी पुतणी होती सोबत, पणजीला जिम करते, पहिलंच वर्ष. बिचारी इतकी घाबरलेली, रोज आरशासमोर, काकी बघ ना, दंड गेले माझे. जेवताना पण तेच, श्रावणापासून नुस्तं (मासे) बंद आहे, प्रोटीनचं काय होणार. मी तिला मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची भाजी) दुसऱ्यांदा वाढली, वर ताक दिलं आणि मग आम्ही दोघी ओसरीवर बराच वेळ बोलत बसलो. तिला जे सांगितलं ते इथे पण लिहून ठेवते कारण माझ्या पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं असतं तर मी चवथ जास्त आनंदात केली असती.

पहिल्या आठवड्यात दंड बारीक दिसतात तो स्नायू गेलेला नसतो. स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं, व्यायाम थांबला की हा साठा थोडा उतरतो आणि भरीवपणा कमी दिसतो, परत सुरू केलं की भरतो. ताकद तर तीनेक आठवडे बऱ्यापैकी टिकते. जपानमध्ये ओगासावारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली एक अभ्यास छापला, त्यात नवशिक्या तरुणांच्या एका गटाने 24 आठवडे सलग बेंच प्रेस (बाकावर पाठ टेकून रॉड वर ढकलणं) केलं आणि दुसऱ्याने 6 आठवडे व्यायाम, 3 आठवडे सुट्टी असं आलटून पालटून, आणि शेवटी दोघांचा फायदा जवळपास सारखाच निघाला. फिनलंडमध्ये 2024 मध्ये तर मधे चक्क 10 आठवड्यांची सुट्टी देऊन बघितली. आकार थोडा घटला, ताकद त्याहून कमी घटली आणि परत सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच गेलेलं भरून आलं. ओस्लोच्या गुंडरसन यांच्या गटाने 2010 मध्ये उंदरांवर दाखवलं होतं की स्नायू वाढताना त्यात जी नवी पेशीकेंद्रकं येतात ती स्नायू बारीक झाला तरी राहतात. माणसात नेमकं तसंच होतं का यावर अजून वाद चालू आहे पण परत येणाऱ्याला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो हे मी दरवर्षी स्वतःच्या अंगावर बघते.

एक गोष्ट मात्र खरोखर कमी होते, ती म्हणजे दुखण्याविरुद्धची सवय. नियमित करत असलो की तेच सेट दुसऱ्या दिवशी दुखत नाहीत, सुट्टीनंतर दुखतात, 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त. म्हणून आज 40. म्हणून सेट पण निम्मे, आणि खाली जाताना अजिबात घाई नाही. सणानंतर पहिल्याच दिवशी जुनं वजन घालून शेवटच्या रेपपर्यंत झुंजणारी मुलं बघितली की मला खरंच काळजी वाटते. फार अति झालं तर स्नायू फुटून त्यातला कचरा रक्तात उतरतो, लघवी कोलासारखी गडद होते आणि किडनीवर येतं, असं काही दिसलं तर घरी पाणी पीत बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं.

आत्ता मांड्या थोड्या जड झाल्यात, जिना उतरताना कळलं. पुतणीचा मेसेज आलाय, तिनेही आज अर्ध्या वजनावर केलं आणि उद्या बेंचला किती लावू विचारतेय. रॉड 20 चा, दोन्ही बाजूंना फक्त अडीच अडीच लाव म्हणून कळवलं. बुधवारी मी डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) हलकं करणार, पुढच्या सोमवारी स्क्वॉट 50 वर नेणार आणि दुखलं नाही तर त्याच्या पुढच्या आठवड्यात 60. पुढचा ब्रेक शिगम्याला (आमच्या होळीच्या सणाला), तोही लिहून ठेवला.