सात आठवडे अडकवणारा एक शब्द

चाई म्हटलं की लोकांना रुपयाएवढा गोल डाग आठवतो. माझे चार महिन्यांत डोक्यावरचे जवळजवळ सगळे केस गेले, मग भुवया, शेवटी पापण्या. पापण्या नसल्या की वाऱ्याबरोबर धूळ थेट डोळ्यात जाते. डॉक्टरांनी सॉल्ट स्कोअर, म्हणजे डोक्यावरचे किती टक्के केस गेले ते, ९८ लिहिला (५० पासून पुढे तीव्र) आणि बॅरिसिटिनिब हे औषध सुचवलं. चाईत आपल्याच टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशी, केसांच्या मुळांवर चालून जातात. त्यांना चिथावणारा निरोप जॅक नावाच्या एन्झाइममधून पुढे जातो, तो हे औषध अडवतं.

रक्त, लिव्हर, कोलेस्टेरॉल, हिपॅटायटिस, सगळं दोन दिवसांत उरकलं. गाडी अडली टीबीच्या रक्तचाचणीवर. अंगात दडलेला टीबी या औषधाने उसळू शकतो, म्हणून ती आधी करतातच, आणि करायलाच हवी. माझा रिपोर्ट आला, ‘इंडिटरमिनेट’. पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्हही नाही. लॅबच्या काउंटरवर एकच उत्तर, “डॉक्टरांना दाखवा.” डॉक्टरांची वेळ नऊ दिवसांनी. पुन्हा रक्त दिलं, पुन्हा तोच शब्द. तेव्हा मला रडू आलं.

शेवटी एका तरुण निवासी डॉक्टर मॅडमनी रिपोर्टच्या तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. माइटोजेन, म्हणजे रक्तातल्या पेशींना मुद्दाम चेतवणारा पदार्थ. त्याच्या नळीत पेशी जाग्या व्हायलाच हव्यात. माझ्या झाल्या नव्हत्या. “ताई, स्टिरॉइड चालू आहे का?” होतं. आधीच्या डॉक्टरांनी दिलेलं प्रेडनिसोलोन मी रोज घेत होते. त्यानेच पेशी दबल्या होत्या, आणि तोवर कोणीही विचारलं नव्हतं! त्यांनी डोस हळूहळू उतरवला. तिसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तोवर सात आठवडे गेले होते.

म्हणून सांगते, चालू असलेली प्रत्येक गोळी फॉर्मवर लिहा, कोणी विचारो न विचारो. स्टिरॉइड मात्र मनाने एकदम बंद करू नका. आणि हो, लस घ्यायची राहिली असेल तर आधीच विचारा. जिवंत विषाणूंच्या लशी बॅरिसिटिनिब चालू असताना चालत नाहीत.

औषध सुरू झाल्यावरही घाई करून उपयोग नाही. या औषधाच्या चाचण्यांत रोज ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ३६ आठवड्यांनी ८० टक्के डोकं भरलेले तिघांत एकाहून थोडेच जास्त होते. हे आधी कळलं ते बरं झालं. माझ्या भुवईत चौदाव्या आठवड्यात पांढरी लव आली.

परवा डोळ्यात काहीतरी खुपलं. आरशासमोर जाऊन काढलं, तर पापणीचा केस. बोटावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले.