न पाठवलेले उत्तर

मंगळवार, रात्री साडेदहा

दुपारी दादाचा निरोप आला की, आईला पुण्याला आपल्याकडे नेण्याचे त्याने ठरवले असून शनिवारी तो गाडी घेऊन येत आहे. चार वर्षे आईची औषधे, तपासण्या, जागरणे मी करते आहे आणि मला साधे विचारलेही नाही, या विचाराने तळपायाची आग मस्तकाला गेली. मेथी निवडणे अर्धवट टाकून मी उत्तर लिहू लागले आणि लिहिता लिहिता बाबांच्या आजारपणात तो किती दिवस थांबला होता इथपर्यंत पोहोचले. पाठवणार, तोच मोबाइलच्या काचेवर मेथीच्या मातीचे ठसे दिसले, म्हणून हात धुवायला उठले.

नळाखाली हात धरलेले असताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे पत्र आठवले. तिथल्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, गेटिसबर्गची लढाई जिंकूनही त्यांचे सेनापती जनरल मीड यांच्या हातून शत्रूचे सैन्य पोटोमॅक नदीपार निसटले, तेव्हा संतापलेल्या लिंकन यांनी १४ जुलैला त्यांना अतिशय कडक पत्र लिहिले आणि नंतर ‘पाठवले नाही, सही केली नाही’ अशी नोंद करून ते ठेवून दिले. मीड यांनी त्याच दिवशी पदमुक्त करण्याची विनंती केली होती. तरीही युद्ध संपेपर्यंत मीड आपल्या सैन्याचे सेनापती राहिले. लिंकन यांनी राग गिळला नाही, तो पुरता लिहून काढला आणि मग ते थांबले, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे बाईने गप्प बसण्यालाच संयम म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही.

म्हणून मी उत्तर पुसले नाही, या वहीत उतरवून घेतले. वाचताना दिसले की, चौदा ओळींत आईचा उल्लेख एकदाच आहे, आणि तिला काय हवे आहे हे दादाने विचारले नाही तसे मीही विचारलेले नाही.

दिवाबत्ती झाल्यावर तिच्याजवळ बसून विचारले. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली, मग म्हणाली, “पावसाळाभर जाऊन येते. पण माझी कॉट हलवू नकोस.”

दादाला एवढेच कळवले: “शनिवारी ये. तिघे बसून बोलू, मग ठरवू.” बाबांच्या आजारपणाची ओळ मात्र वहीतच आहे, ती मला त्याला समोर बसवून सांगायची आहे.