आमची वाटचाल : व्हिटनी गाव आणि आमच्या कनू

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, अल्गॉन्क्विन पार्क या मोठ्या जंगल-उद्यानाच्या पूर्वेकडच्या गेटबाहेर, हायवे 60 वर व्हिटनी लागतं. बहुतेक गाड्या इथे गॅस, म्हणजे पेट्रोल, भरतात आणि थेट गेटकडे सुटतात. त्या गाड्या थांबवून माणसांना कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, निमुळती होडी, द्यायची आणि आधी इथल्या गॅलेअरी लेक या तळ्यावर उतरवायचं, यावर आमचा धंदा उभा आहे. गेटच्या आत जेवढं पाणी सुंदर, तेवढंच इथलंही. शिवाय या गावाला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो ऐकल्याशिवाय आम्ही कुणाच्या हातात वल्हं देत नाही.

हा इतिहास मला शिकवला आमच्या पहिल्या भागीदाराने. तो इथलाच, पोलिश वंशाचा, उभं आयुष्य सॉ-मिलमध्ये, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, गेलेलं. सेंट अँथनी लंबर कंपनीने 1890 च्या दशकात इथे मिल टाकली आणि तिच्या प्रमुखाचं, ई. सी. व्हिटनीचं, नाव गावाला पडलं. लाकूड व्यापारी जे. आर. बूथची रेल्वेही त्याच सुमारास आली. हिवाळ्यात पांढरा पाइन तोडायचा, बर्फाच्या रस्त्यावरून स्लेजने ओढायचा आणि बर्फ वितळलं की मॅडवास्का नदीतून खाली ओटावा नदीकडे सोडायचा. पार्कमधल्या लॉगिंग (लाकूडतोडीच्या) म्युझियममध्ये 'अ‍ॅलिगेटर' नावाची वाफेची बोट ठेवली आहे. ती पाण्यावर ओंडके ओढायची आणि मध्ये जमीन आली की झाडाला तार बांधून, ती गुंडाळणाऱ्या विंचने स्वतःलाच खेचत पुढच्या तळ्यात जायची. जुन्या रेल्वेमार्गाचा तुकडा पाहायचा तर रॉक लेकजवळच्या बूथ्स रॉक ट्रेलवर चाला.

2011 साली त्या भागीदाराची शेड, माझी बचत आणि रॉयलेक्स या दणकट प्लास्टिकच्या काही जुन्या कनू एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. 2014 मध्ये रॉयलेक्स बनायचंच बंद झालं तेव्हा पुष्कळांनी रडारड केली. माझा भागीदार म्हणाला, "आहेत त्या जपू, नव्या केव्हलार घेऊ." केव्हलार म्हणजे हलक्या, मजबूत धाग्याच्या कापडाची कनू. पोर्टेजवर, म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यापर्यंत कनू खांद्यावर वाहून नेताना, पस्तीस किलोचं ओझं आणि वीस किलोचं ओझं यातला फरक खांद्याला लगेच कळतो. पण केव्हलार दगडावर ओढली की संपली. पॅच कसा मारायचा ते त्यानेच दाखवलं. खरचटलेला भाग हलकाच घासायचा, कारण धागा उघडा पडला की तो पिंजतो आणि मग इपॉक्सी (पॅचचा चिकट गोंद) नीट बसत नाही. अल्कोहोलने पुसायचं. पॅचचे कोपरे नेहमी गोल कापायचे, टोकदार कोपरा पहिल्याच खडकाला उचकटतो. आणि थंडीत हे काम काढायचंच नाही. आमच्या प्रत्येक कनूच्या पोटावर त्याच्या हातचे पॅच आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे.

मधली वर्षं बरी गेली.

मग एका उन्हाळ्यात आमच्याकडे कामाला असलेल्या एका मुलाने शहरात स्वतःची ट्रिप कंपनी काढली. काढावी, माझं काही म्हणणं नाही. पण आम्ही मराठी कुटुंबांसाठी हाताने एक नकाशा बनवला होता. वारा कुठून येतो, चूल कुठे आहे, लहान मुलांना कुठे उतरवायचं, सगळं मराठीत. त्यात एका खडकाळ उताराला 'काकूंचा घाट' असं नाव होतं. टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरातल्या आमच्या एक काकू दरवर्षी तिथे उतरून थालीपीठं लावतात, म्हणून आम्हीच ठेवलेलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही नकाशात हे नाव नाही. त्याच्या नकाशात ते होतं. वर त्याचे दर आमच्यापेक्षा कमी, आणि कनूत ना बेलर (पाणी उपसायचं भांडं), ना शिट्टी, ना पंधरा मीटरची तरंगती दोरी. महाराष्ट्र मंडळाचा मोठा ग्रुप त्याच्याकडे गेला. अजून मनाला लागतं.

त्यानंतर 2020. पार्क बंद, सीमा बंद, अमेरिकन गिऱ्हाईक शून्य, बुकिंगचे पैसे परत करायचे. बँकेने मुदत द्यायला नकार दिला. कनू विकायला काढल्या, जाहिरातही लिहून झाली होती. तेव्हा काकूंचा फोन आला, "माझे पैसे परत करू नका. पार्क उघडेल तेव्हा येईन." त्यांनी ओळखीच्या घरोघरी फोन केले आणि बऱ्याच जणांनी पैसे ठेवून दिले. पार्क उघडल्यावर सगळ्या ऑन्टारियोला अचानक तळ्यावर जायचं होतं आणि आमच्या कनू जागेवर होत्या. माझा भागीदार तोवर आजारी पडला होता. त्याने ती गर्दी खिडकीतून पाहिली.

आता थोडं सांगतो, विचारलं नसलं तरी. पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नाही. जीन्स घालून येऊ नका, भिजली की दिवसभर वाळत नाही. मे-जूनमध्ये ब्लॅकफ्लाय ही बारीक चावरी माशी रक्त काढते, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. दुपारी वारा चढतो, मोठं पाणी सकाळीच पार करा. आतल्या कॅम्पवर कॅन आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत, म्हणून काकूंसारखी भाजणी आणा. हलकी असते आणि टिकते. वासाने अस्वल येऊ नये म्हणून जेवणाचं सगळं घट्ट झाकणाच्या बॅरलमध्ये, तंबूत काही नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. गाडीवर कनू बांधताना पुढून आणि मागून दोन्हीकडून दोरी हवीच.

पानांचे रंग बघायला सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला यायचं असेल तर शक्यतो मधल्या वारी या आणि पार्कचा परमिट आधी काढा. शनिवार-रविवारी परमिट संपतात आणि लोक गेटवरून परत येऊन आमच्याशी वाद घालतात. गॅलेअरी लेकवर दिवसभर वल्हवून संध्याकाळी परतायचं असेल तर सकाळी आठच्या आत पोहोचा, कनू आम्ही काठावर आणून ठेवतो.