एमएच-०९ ची मस्टँग, केए-२२ चा हिशेब

रविवार, रात्री

आज परत फोर्ड मस्टँगचा हिशेब मांडून बसलो. गाडी कोल्हापूरची, म्हणजे एमएच-०९; मी बेळगावचा, म्हणजे केए-२२. २०१८ ची, पाच लिटर व्ही-८ इंजिन. फारशी पळालेली नाही, मालकाने जीव लावून ठेवलीय. घसाऱ्याचा मोठा घास पहिल्या मालकाने गिळलाय, म्हणून सगळे म्हणतात, घेऊन टाक. विम्यासाठी किंमत किती उतरली धरायची त्याचं कोष्टकही तेच सांगतं: वर्षाच्या आत १५ टक्के, पाच वर्षं भरताना थेट ५०.

पण ते कोष्टक स्विफ्टलाही तेच आणि मस्टँगलाही तेच. स्विफ्ट इथे बेळगावच्या शहापुरात उभी केली तर संध्याकाळपर्यंत चार जण भाव विचारून जातील. मस्टँगजवळ फोटो काढायला गर्दी होईल, टोकन द्यायला कोण येणार? उद्यमबागेतले मिस्त्री हेच बोलले, "घेताना सगळी बघतात, विकताना कोण येत नाही ओ." त्यात फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवी मिळत नाही म्हणून हौशी माणूस चढा भाव देईल, आणि पार्टच्या धास्तीने दुसरा कुणी फोनच ठेवेल. दोन्ही खरं आहे.

मला मात्र खरी काळजी नंबर पाटीची. वीस लाखांच्या वरच्या गाडीला कर्नाटकात आजीवन रस्ता कर १८ टक्के, वर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण धरतात मूळ किमतीवर, मी मोजलेल्या पैशांवर नाही. एमएच पाटीवर इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग अर्ज केल्यावर परत मिळतो, पण तो कधी हातात पडेल ते धरून मी व्यवहार करणार नाही.

आणि हे सगळं करून केए-२२ लागली, की पुढे विकायची कुणाला? कोल्हापूर नि गोवा हाकेच्या अंतरावर, पण तिथल्या गिऱ्हाईकाला एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला), कर, नवी पाटी हा फेरा पहिल्यापासून. तो माझ्या कराचा एक रुपयाही भावात धरणार नाही. ज्याला केए पाटी चालते तो बेंगळुरूला, पाचशे किलोमीटरवर. पुण्यातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आपल्या भागात मात्र सेकंड हँड गाडीच्या किमतीत सीमा धरावीच लागते.

गाडी मला हवी आहे, मनापासून हवी आहे. पहाटे तवंदी घाट चढताना ते इंजिन ऐकायचं, ही कॉलेजपासूनची इच्छा. म्हणून ती सोडणार नाही, भाव बदलून मागणार. कर्नाटकचा पूर्ण कर आकड्यातून वजा केलाय, आणि आणखी पाच-सहा वर्षांनी बेंगळुरूचं गिऱ्हाईक जे देईल असं वाटतं तेवढीच परतीची किंमत धरलीय. उद्या मालकांना फोन करून हा आकडा सांगतो. फॉर्म २८ ची एनओसी त्यांनी काढून द्यायची, हेही आधीच बोलून घेतो. पटलं तर शनिवारी कोल्हापूरला जाऊन गाडी लिफ्टवर चढवून बघू.