बार्बेलची गाबोळी खाऊ नये

16 जूनला सकाळी सहाला आईचा फोन आला. तिकडे साडेदहा वाजले होते, चुलीवर वलगणीच्या माशांचं कालवण होतं. मी इंग्लंडमधल्या वूस्टरच्या जरा वर, सेव्हर्न नदीच्या काठाला ओल्या गवतात बसलो होतो.

आमच्या महाडकडे पहिल्या पावसानं ओढे लाल झाले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे चढतात (हीच वलगण) आणि सगळा गाव पाग, टोपल्या घेऊन धावतो. इथे बरोबर उलटं. मासे अंडी घालतात म्हणून 15 मार्च ते 15 जून नदीत गळ टाकायचा नाही. बंदी 16 तारखेला उठते, आणि काही म्हातारे रात्री बाराच्या ठोक्याला काठावर हजर असतात. मी तेवढा भक्त नाही. पहाटे चारला गेलो.

सॅमन आणि ट्राउट हे इथले खानदानी मासे. बाकी सगळी मासळी 'कोर्स', म्हणजे जाडीभरडी. माझा जीव या जाड्याभरड्यांतल्या बार्बेलवर. लांबोळकं पितळी अंग, तांबूस पर, खाली वळलेलं तोंड आणि तोंडाला चार मिशा. त्या मिशांनी तो तळातले गोटे चाचपत फिरतो. सेव्हर्नमध्ये तो मूळचा नाहीच. 1956 मध्ये केनेट नदीतून आणून सोडलेला. आता लोक त्याला 'आमचा बार्बेल' म्हणतात. मला अजून कोणी तसं म्हटलेलं नाही.

त्याला आमिष म्हणून काय काय घालतात! डब्यातल्या मांसाचे चौकोनी तुकडे, चीज, भांगेच्या उकडलेल्या बिया (नशेसाठी नव्हे, उगाच खूश होऊ नका) आणि हॅलिबट पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याच्या गोळ्या. पेलेट टणक, गळात टोचत नाही. म्हणून गळाच्या मागे केसाएवढ्या दोऱ्यावर ते लोंबतं ठेवतात. मासा पेलेट ओढून घेतो, मागोमाग गळ तोंडात जातो. गांडूळ टोचून गरवायला शिकलेल्या माझ्यासारख्याला ही युक्ती पाहून हसूच आलं होतं.

मी रबरी मासा फेकतो तेव्हा शेजारचे म्हातारबाबा मान हलवतात. बार्बेल शिकारी नव्हे, ते काम पाइक आणि पर्चचं, असं त्यांचं ठाम मत. पण त्यांच्याच पेलेटचा डबा उघडला की थेट सुकटीच्या बाजाराचा वास येतो, कारण पेलेट होतं मासळीच्या भुकटीचं. म्हणजे बार्बेल त्यांच्या हातून मासळीच खातोय, फक्त दळलेली!

मागच्या उन्हाळ्यात मी पर्चसाठी बोटाएवढा तपकिरी रबरी मासा फेकत होतो. चब नावाचा मासा वरच्या पाण्यातही झडप घालतो, पण बार्बेलसाठी ल्यूर, म्हणजे असं नकली आमिष, तळाला घासला पाहिजे. तोंडच खाली आहे त्याचं. ल्यूरचं शिशाचं डोकं गोट्यांवर टक् टक् वाजत होतं, मध्येच वाजायचं थांबलं. अडकलं वाटून मी ओढलं, तर तो 'गोटा' प्रवाहाच्या उलटा चालायला लागला.

यंदा म्हणून मेलेला मिनो लावला, त्याच नदीतला, आपल्या मळ्यांएवढा. काठी दोन दगडांवर टेकवली आणि थर्मासमधला चहा ओतायला वळलो. घोटभरही प्यायलो नाही, तोच काठी गवतातून सरपटत नदीकडे निघाली. चहा पायावर, मी पोटावर, मूठ हातात आली तेव्हा टोक पाण्यात होतं. म्हातारबाबा मात्र जागचे हलले नाहीत. बार्बेल काठी घेऊन जातो हे त्यांनी मला दहादा सांगितलं होतं.

अडीच किलोचा असेल. हा मासा दमेपर्यंत झुंजतो, लगेच सोडला तर कुशीवर पडून मरूही शकतो. म्हणून गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याला दोन्ही हातांनी उताणा होऊ न देता धरायचं, तोंड प्रवाहाकडे. कल्ले आधी भराभर हलत होते, मग संथ झाले. माझ्या अंगठ्याला त्याची एक मिशी लागत होती, भिजलेल्या सुतासारखी मऊ. मग शेपटीचा एक फटका, आणि हात रिकामे.

याच वेळी फोन वाजला होता. सगळं ऐकून आईनं पहिला प्रश्न विचारला, "गाबोळी होती का रे?"

म्हटलं, आई, याची गाबोळी विषारी असते, उलट्या-जुलाब होतात. आणि नसती तरी नदीतला एवढा मोठा बार्बेल परत सोडावाच लागतो, तसा नियमच आहे.

"मग चार वाजता उठून गेलास कशाला?"

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात फोनवर आईच्या मागून माझ्या बाबांचा आवाज आला, "अगं, मिशा आहेत, मोठे होतात, पकडून खायचे नाहीत. वाळणकोंडीसारखंच की." वाळणकोंडीच्या डोहात महाशीर आहेत, देवीचे म्हणून कोणी त्यांना हात लावत नाही. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून मी त्यांना कुरमुरे टाकलेत.

"पण तिथे गळ तरी टाकत नाहीत," आई म्हणाली आणि कालवणाकडे गेली.