अस्तंब्याची वाट आणि बत्तीस वस्तूंचा डबा

ज्यांना पुढचं सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. दिवाळी सोडून इतर दिवसांत सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावर जाणार असाल तर माणशी चार लिटर पाणी सोबत न्या, पायाला गेटर (बुटावरून नडगीपर्यंत गुंडाळायचं कापडी वेष्टण) बांधा, आणि 'सर्व्हायव्हल किट' नावाचा, रानात अडचणीत उपयोगी पडतील म्हणून विकतात त्या वस्तूंचा डबा विकत घेऊ नका. यातलं एकही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. उलट सांगितलं ते असं, की वाटेत जागोजागी चहा आहे, पाणी आहे, ओझं कशाला वाहता? सांगणारा खोटं बोलत नव्हता, तो यात्रेत गेला होता. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून अश्वत्थाम्याच्या दर्शनाला माणसांची रीघ लागते, रात्रभर बॅटऱ्यांच्या उजेडात वाट चालू असते. आम्ही गेलो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दुकानांचे बांबूचे सांगाडे तेवढे उभे होते, माणूस एक नाही.

आम्ही तिघं. मी धुळ्याचा, मावसभाऊ शहाद्याचा आणि त्याचा एक मित्र. तिघांनाही डोंगर चालायची सवय आहे. नसेल तर १३२५ मीटरचा हा डोंगर पहिल्याच खेपेला निवडू नका, यापलीकडे तब्येतीबद्दल लिहीत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने नंदुरबार, तिथून एसटीने तळोदा, तळोद्याहून जीपने चांदसैली घाट. पहिला दिवस छान गेला. सागाची पानं वाळलेली, हवा स्वच्छ. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

जीपचं मात्र सांगायलाच हवं. वर सोडायचे बाराशे ठरले, तिसऱ्या दिवशी परत न्यायला यायचंही ठरलं. आला तेव्हा म्हणाला, अठ्ठावीसशे. कारण काय, तर रिकामी गाडी आणावी लागली. अरे, गाडी रिकामी येणार हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं की! एकाचा हात सोललेला, तिघंही रात्रभर न झोपलेले, दुसरी गाडी नाही. दिले. तुम्ही जाल तेव्हा जाण्यायेण्याचा मिळून एकच आकडा ठरवा, त्याच्यासमोर मोबाइलवर लिहून त्यालाच पाठवा, आणि निम्मे पैसे परत तळोद्यात उतरल्यावरच हातात द्या.

आता उताराचं. दुसऱ्या दिवशी माथ्यावर पोचेपर्यंत तिघांत मिळून दीड लिटर पाणी उरलं होतं. हे डोंगर बेसॉल्टचे, पाणी धरून ठेवत नाहीत. यात्रेच्या दिवसांत वाहणारे झरे दोन महिन्यांत ओलसर डागावर येतात, आणि आम्हाला सांगितलेल्या दोन्ही जागी तेवढा डागच होता. उतरताना डाव्या हाताला खाली एक पाडा दिसला, धूर निघत होता. मळलेली वाट लांबून वळसा घेते, म्हणून आम्ही सोंडेवरून सरळ उतरायला निघालो. ही आमची चूक. तुम्ही करू नका.

पाचशे फूटही नसेल तो उतार, पण त्याला अडीच तास लागले. कमरेइतकं वाळलेलं कुसळी गवत, खाली सुटा मुरूम, आणि गवत एकाच दिशेला झोपलेलं. त्यावर पाऊल ठेवलं की साबणावर ठेवल्यासारखं. बुटाचा तळ कितीही महाग असू दे, तो मुरुमापर्यंत पोचतच नाही. काठी नसती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो, इतकं सरळ सांगतो. मित्र एका ठिकाणी पंधरा फूट घसरत गेला. पळसाच्या खुंटाला हात अडकला म्हणून थांबला, पण तळव्याची कातडी निघाली.

आणि कुसळं. खानदेशात वाढलेल्या माणसाला कुसळ नवं नाही, पण माझ्या मोज्यात त्या संध्याकाळी जे घडलं ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. कुसळाच्या टोकाला बी असतं, सुईसारखं अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले बारीक केस. मागे लांब पिळदार शेपूट. हवेत ओल आली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने बी जमिनीत स्क्रूसारखं आत जातं. गवताची पेरणीच तशी आहे. जमिनीऐवजी मोजा मिळाला तर ते मोज्यात शिरतं, आणि मागे वळलेले केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. संध्याकाळी दव पडायला लागल्यावर टोचणी थांबायच्या ऐवजी वाढली ती यामुळे. घोट्याभोवती मी सत्तावीस मोजली, मग मोजणं सोडलं. जाड लोकरीचे मोजे घेतले होते, थंडीसाठी. कुसळांना लोकर सगळ्यात आवडते. वर गुळगुळीत, घट्ट विणीचं कापड हवं. गेटर नसेल तर जुन्या जीन्सच्या पायाच्या नळ्या कापून बुटावरून बांधा, पण उघड्या मोज्याने या गवतात शिरू नका.

उतारावरच अंधार पडला, आणि इथून डब्याची गोष्ट सुरू होते.

बत्तीस वस्तू, चार हजार आठशे रुपये. ऑनलाइन घेतला होता. त्यातली हेडटॉर्च चाळीस मिनिटांत मेणबत्तीइतकी झाली. तिच्या सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलंय. त्या मापाच्या, म्हणजे १८६५० सेलमध्ये चांगल्या कंपनीचाही आकडा साडेतीन हजारांच्या आसपास असतो, हे मला परत आल्यावर कळलं. नऊ हजार नऊशे छापलेला सेल दिसला की दुसरं काही तपासू नका, वस्तू खाली ठेवा. आम्हाला खाली आणलं ते मावसभावाच्या बॅटरीने. तो रात्रीच्या लाइटीला केळीला पाणी द्यायला जातो, तेव्हा डोक्याला बांधतो ती, शहाद्यात शेतीच्या दुकानातून घेतलेली, साडेसहाशेची. रात्री आठला चालू केली, पाड्यावर पोचल्यावरही साडेबारापर्यंत तशीच. ज्या माणसाला रोज रात्री सापाच्या वावरात चालायचंय तो कुठली बॅटरी वापरतो ते विचारा आणि तीच घ्या.

सुरा: पोकळ मुठीचा, मुठीत काडेपेटी न् मासे पकडायचा गळ, मागे दातेरी करवत. दुसऱ्याच लाकडावर पातं मुठीतून हललं. पातं मुठीत बोटभरच जातं आणि एका नटाने आवळलेलं असतं, दुसरं काय होणार? सुरा घ्यायचाच तर पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं हवं. स्वीडनचा साधा मोरा सुरा आखूड टँगचा (टँग म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग) असूनही माझ्या मित्राकडे सहा वर्षं टिकलाय, कारण त्याची मूठ भरीव आहे. पण सातपुड्यात खरं काम विळ्याचं आणि कोयत्याचं. गाडीच्या पाट्याच्या लोखंडाचा, लोहाराने घडवलेला कोयता तीन-चारशेत मिळतो, धार दगडावरही लागते. फक्त शहरातून, गाडीतून नेताना तो गोणपाटात गुंडाळून सामानाच्या तळाशी ठेवा, आणि जंगलात ओल्या झाडाला लावू नका. तिथलं लाकूड तिथल्या माणसांच्या चुलीचं आहे.

पॅराकॉर्डचं, म्हणजे पॅराशूटच्या दोरीचं, मनगटात घालायचं कडं उसवून पाहिलं. खऱ्या ५५० कॉर्डच्या आत सात वेगळे पीळदार धागे असतात आणि ती साधारण अडीचशे किलो तोलते. आमच्या कड्यात आत कापसासारखा भुसा होता. साप चावल्यावर विष ओढायचा पंप होता, तो तिथेच काढून ठेवला. असला पंप, चिरा, आवळपट्टी, काहीही करायचं नाही. हात-पाय हलू न देता दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांवरचं औषध इंजेक्शनमध्ये असतं, डब्यात नसतं. निघण्यापूर्वी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते माहीत करून घ्या, हीच त्यावरची तयारी. मलमपट्टी म्हणून बोटाला लावायच्या दोन पट्ट्या होत्या. मित्राचा तळवा शेवटी डोक्याच्या रुमालाने बांधला.

पाड्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. एका म्हाताऱ्या बाबांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं कुठून आलात. सोंडेवरून उतरलो म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्ही नाल्याकाठची सपाट जागा बघून तिथे ताडपत्री बांधायला निघालो, तर म्हणाले, "तिथं नका झोपू. थंडी खाली उतरते, खालीच बसते." आणि आपल्या खळ्यावर घेऊन गेले, नाल्यापासून जेमतेम चाळीस फूट उंच. पहाटे साडेपाचला माझ्या थर्मामीटरवर खळ्यात ६ अंश होते. नाल्याकाठी जाऊन पाहिलं, तर २. गवतावर पांढरं गोठलेलं दव. निरभ्र रात्री जमीन उष्णता आकाशात टाकते, तिला लागून हवा गार आणि जड होते, आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट जागी साचते. इथल्याच सातपुड्यातल्या डाबच्या भागात दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात त्या यामुळेच. तंबू कुठे लावायचा हे ठरवताना पाण्याजवळची सपाट जागा सोडा, थोडं वर या, डोक्यावर झाडाचा किंवा कापडाचा आडोसा घ्या. एवढ्याने चार अंश वाचले, एक रुपया न खर्चता.

तरीही झोप लागली नाही, आणि त्याचं कारण स्लीपिंग बॅग. दुकानदाराने 'शून्य अंशाची' म्हणून बत्तीसशेला दिली. लेबल नीट वाचायला हवं होतं. नियमाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. झोपायचं ते कम्फर्टवर. एक्स्ट्रीम म्हणजे माणूस सहा तास कसाबसा मरत नाही, एवढंच. आमच्या बॅगेवर शून्य होतं ते एक्स्ट्रीमचं, बाकी दोन आकडे छापलेच नव्हते. थंडी ६ अंशांपर्यंत जाणार असेल तर कम्फर्ट ५ किंवा त्याखालचा पाहा. आणि एकच आकडा छापलेली बॅग घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

त्याहून मोठी गोष्ट खालची. बॅगेचा भराव अंगाखाली दाबला गेला की त्यात हवा राहत नाही आणि ऊब जमिनीत जाते. डब्यातलं चांदीसारखं ब्लँकेट अंगाखाली घातलं, उपयोग शून्य. ते अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत फेकतं, पण जमिनीला चिकटलेल्या पाठीला काही देत नाही. अंगावर घेतलं तर आतून घाम साचून बॅग ओली. रात्री दोनला बाबांनी कडब्याच्या चार पेंढ्या आणून टाकल्या. त्यावर मात्र दीड तास डोळा लागला. फोमची घडीची चटई, सहाशे-सातशेची, बॅगेच्या आधी घ्या. पैसे कमी असतील तर बॅग साधी घ्या, चटई सोडू नका.

पाणी गाळायच्या नळीबद्दल थोडं. ती जिवाणू आणि त्यांच्याहून मोठे एकपेशीय जीव अडवते, विषाणू आणि फवारणीचं औषध अडवत नाही. खाली तापीकाठच्या कापसा-केळीच्या शेताजवळच्या पाण्याला ती लावू नका. आणि एकदा ओली झालेली नळी गोठली की आतले सूक्ष्म तंतू फुटतात, बाहेरून काही दिसत नाही. थंडीच्या रात्री ती बॅगेत अंगाशी घेऊन झोपा. नाहीतर सरळ पाणी उकळा, खळखळून एक मिनिट. या उंचीला तेवढं पुरतं.

उकळायला आग हवी, आणि डब्यातल्या फेरो रॉडने (घासून ठिणग्या पाडायची धातूची कांडी) मी वीस मिनिटं ठिणग्या पाडत बसलो. ठिणगी चांगली पडते, पण ओलसर पानावर ती विझते, पकडत नाही. बाबांनी खिशातून सलईच्या डिंकाचा खडा काढला, बोराएवढा, काडी लावली. काळा धूर, धुपाचा वास, आणि तो दोन-अडीच मिनिटं मेणबत्तीसारखा जळत राहिला. तेवढ्यात काटक्या पेटल्या. सलई या डोंगरात भरपूर आहे, सालीवर सुकलेला डिंक मिळतो. आम्ही दोन आगपेट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेल्या होत्या, पुढेही तेच करू. फेरो रॉड ठेवायचाच तर आधी त्याचा काळा थर खरवडून काढा आणि घरी, अंगणात, ओल्या दिवशी एकदा पेटवून बघा. आग मात्र पाड्यावर, विचारून, खळ्यात किंवा चुलीजवळच. रानात नाही. ते कुसळी गवत एकदा पेटलं की काय होईल ते त्या उतारावर उभं राहिल्यावर समजतं.

खाण्याचं सांगायचं राहिलं. पाणी घालून फुगणारी पाकिटं तिघांनी नेली होती, पाणीच नव्हतं म्हणून तशीच परत आली. मावशीने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि गूळ-शेंगदाणे तिसऱ्या दिवसापर्यंत पुरले, बाबांच्या घरीही दिले.

डब्यातल्या बत्तीसपैकी मी दोनच वस्तू ठेवल्या आहेत: शिट्टी आणि चिमटा. शिट्टीने अंधारात तिघं एकमेकांना सापडत राहिलो, चिमट्याने कुसळं काढली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परत जातोय, मळलेल्या वाटेने. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा मोसम धरतात, त्याच्या आत. गेटर धुळ्यातल्या शिंप्याकडे शिवायला टाकलेत, कॅनव्हासचे, गुडघ्याखाली नाडी, बुटाखालून जाईल असा पट्टा. तीन जोड आमचे, एक बाबांसाठी.